विश्लेषण : जुन्या संगणकातील हार्ड डिस्क आज वाचता येईल का? भंगारात देण्याआधी तिची केबल का पाहावी?

बोईसर-तारापूर औद्योगिक वसाहतीतील एखाद्या जुन्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये पिवळट पडलेला संगणक धूळ खात असणे नवलाचे नाही. त्यात कधीकाळी पगारपत्रके होती, हजेरी होती, मालाच्या चाचण्यांच्या नोंदी होत्या. तीस वर्षांपूर्वीची एखादी नोंद लागली की तो बाहेर काढला जातो, खोलला जातो आणि मग लक्षात येते, की आजची कोणतीच केबल त्यातील हार्ड डिस्कला बसत नाही. डिस्क बिघडलेली असेलच असे नाही. ती ज्या पद्धतीने संगणकाशी बोलत होती, ती पद्धतच बाजारातून गेलेली असते. या पद्धतीला ‘इंटरफेस’ म्हणतात. तिचे प्रकार कोणते, ते ओळखायचे कसे आणि जुनी माहिती परत मिळणे त्यावर कसे अवलंबून असते, याविषयी.

तीस वर्षांपूर्वीच्या नोंदी आज का लागतात?

तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत रसायने, औषधे, कापड, पोलाद यांचे कारखाने उभे राहिले. तेथे तरुणपणी लागलेले अनेक कामगार आता निवृत्त झाले आहेत किंवा निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहेत. कर्मचारी पेन्शन योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाली आणि मासिक पेन्शनसाठी किमान दहा वर्षांची पात्र सेवा लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या ४ नोव्हेंबर २०२२ च्या निकालानंतर प्रत्यक्ष पगारावर वाढीव पेन्शन मागणाऱ्यांच्या अर्जांसाठी मालकांना जुन्या पगाराचा महिनावार तपशील द्यावा लागला. पीएफचा कायमस्वरूपी यूएएन क्रमांक २०१४ मध्ये आला. त्याआधी नोकरी बदलली की पीएफ क्रमांकही बदलत असे.

म्हणजे १९९६ मधील पगाराचा पुरावा एक तर छापील पगारपत्रकात असणार, नाही तर त्या वेळच्या संगणकात. कागद पावसाळ्यात भिजला असेल किंवा त्याला वाळवी लागली असेल, तर उरते ती डिस्क. पालघर-बोईसरमधील एखादी जुनी पतसंस्था, शाळा किंवा व्यापारी पेढी यांच्यावरही हीच वेळ येऊ शकते. काही ठिकाणी तर जुना संगणक अजून कामावर असतो. प्रयोगशाळेतील एखादे उपकरण डॉसवरच्या सॉफ्टवेअरवरच चालणारे असेल, तर त्याची डिस्क बंद पडली की उपकरणही बंद.

इंटरफेस म्हणजे नेमके काय?

हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय थर दिलेल्या चकत्या फिरतात आणि त्यांवरून सरकणारे ‘हेड’ चुंबकीय बदल टिपते. हे बदल म्हणजे थेट अक्षरे किंवा आकडे नव्हेत. त्यांतून शून्य आणि एक वेगळे काढणे, ते ५१२ बाइटच्या तुकड्यांत म्हणजे ‘सेक्टर’मध्ये लावणे, वाचताना चूक झाली का ते तपासणे आणि मग माहिती संगणकाच्या हवाली करणे, ही कामे करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्सला ‘कंट्रोलर’ म्हणतात.

सरकारी कचेरीतला दप्तरखाना आठवून पाहा. एका पद्धतीत दप्तरखान्यात नुसती कपाटे आहेत आणि कोणते गाठोडे कुठे, हे जाणणारा कारकून दुसऱ्या इमारतीत बसतो. दुसऱ्या पद्धतीत कारकून दप्तरखान्यातच बसतो. खिडकीवर फाइलचा क्रमांक सांगायचा की फाइल हातात मिळते. पहिल्या पद्धतीतील कारकुनाची बदली झाली तर कपाटे शाबूत असूनही कागद सापडत नाही.

सुरुवातीच्या हार्ड डिस्क पहिल्या पद्धतीच्या होत्या. कंट्रोलर संगणकातील वेगळ्या कार्डावर असे आणि डिस्क म्हणजे मोटार, हेड आणि जुजबी इलेक्ट्रॉनिक्स. पुढच्या दहा वर्षांत हा ‘कारकून’ कार्डावरून निघून डिस्कवर येऊन बसला. इंटरफेसच्या प्रकारांमागची मुख्य गोष्ट एवढीच आहे. आज डिस्क वाचता येईल की नाही, हेही बहुतांशी यावरच ठरते.

दोन पट्टी केबलवाली डिस्क कोणती?

शुगार्ट टेक्नॉलॉजी या अमेरिकी कंपनीने, म्हणजे पुढच्या सीगेटने, १९८० मध्ये ‘एसटी-५०६’ ही ५.२५ इंची डिस्क आणली. तिची क्षमता ५ एमबी होती. आजच्या मोबाइलने काढलेला एखादा मोठा फोटोच त्यात जेमतेम मावला असता. पाठोपाठ १० एमबीची ‘एसटी-४१२’ आली. मार्च १९८३ मध्ये आयबीएमने पीसी-एक्सटी आणला तो १० एमबीच्या हार्ड डिस्कसह. तेव्हापासून ही जोडणीची पद्धत सगळ्या पीसींची झाली.

भारतात नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणानंतर एचसीएल, विप्रो, झेनिथ यांसारख्या कंपन्यांचे पीसी कार्यालयांत दिसू लागले. चपला बाहेर काढून वातानुकूलित खोलीत शिरायचे ते दिवस. त्या काळच्या ‘एक्सटी’ आणि ‘एटी’ यंत्रांत डिस्क असलीच तर ती बहुधा या जातीची असे.

तिची खूण सोपी आहे. डिस्कला दोन पट्टी केबल लागतात, एक ३४ तारांची रुंद आणि दुसरी २० तारांची अरुंद. रुंद केबलमधून हेड कुठे न्यायचे याचे हुकूम जातात, अरुंद केबलमधून हेडने टिपलेला संकेत येतो. हा संकेत कच्चाच असतो. त्यातून शून्य-एक काढणे कार्डाचे काम. माहिती चकतीवर लिहिण्याच्या रीतीवरून या डिस्कना ‘एमएफएम’ डिस्क म्हणतात.

येथे एक फसगत होते. फ्लॉपीची केबलही ३४ तारांची आणि तिच्यातही काही तारांना पीळ दिलेला असतो. मात्र फ्लॉपीच्या केबलमधला पीळ १० ते १६ या तारांत असतो, तर हार्ड डिस्कच्या केबलमधला २५ ते २९ या तारांत. दिसायला सारख्या म्हणून एकीच्या जागी दुसरी लावू नये.

एमएफएम आणि आरएलएल यांत फरक काय?

केबल त्याच, डिस्कही तशीच. फरक आहे तो लिहिण्याच्या रीतीत. एमएफएममध्ये एका वर्तुळाकार पट्ट्यावर, म्हणजे ‘ट्रॅक’वर, १७ सेक्टर बसतात. आरएलएल रीतीत चुंबकीय बदलांची मांडणी अधिक काटकसरीने केली जाते आणि तेवढ्याच ट्रॅकवर २६ सेक्टर बसतात.

सीगेटच्या ‘एसटी-२२५’ या लोकप्रिय डिस्कवर ६१५ ट्रॅकरांगा आणि ४ हेड होते. ६१५, ४, १७ आणि ५१२ यांचा गुणाकार २ कोटी १४ लाख ११ हजार ८४० बाइट, म्हणून ती २० एमबीची. तिचीच आरएलएल बहीण ‘एसटी-२३८आर’. १७ च्या जागी २६ ठेवले की गुणाकार ३ कोटी २७ लाख ४७ हजार ५२० होतो आणि डिस्क ३० एमबीची ठरते.

कोणती रीत वापरायची हे कार्ड ठरवत असे. शिवाय सेक्टरच्या सुरुवातीला ओळखीची खूण कशी लिहायची, याचा प्रत्येक कंपनीच्या कार्डाचा आपला शिरस्ता होता. त्यामुळे एका कार्डाने तयार केलेली डिस्क दुसऱ्या कंपनीच्या कार्डाला बहुधा वाचता येत नाही. माहिती वाचवायची असेल तर डिस्क आणि कार्ड ही जोडी आहे, असेच धरून चालावे. नेमके हेच ठाऊक नसल्याने डिस्क जपून ठेवली जाते आणि कार्डासह उरलेला ‘सीपीयू’ भंगारात जातो.

मग ईएसडीआय का आले?

कच्चा संकेत लांब केबलमधून कार्डापर्यंत नेताना त्यात गोंगाट मिसळतो. त्यामुळे वेगाला मर्यादा पडते. एमएफएममध्ये हा वेग सेकंदाला ५० लाख बिट, आरएलएलमध्ये ७५ लाख बिट होता. यावर मॅक्सटॉर कंपनीने १९८३ मध्ये ईएसडीआय हा तोडगा काढला. संकेतातून बिट वेगळे काढणारा भाग तिने कार्डावरून डिस्कवर हलवला. केबलमधून आता स्वच्छ बिट येऊ लागले आणि वेग सेकंदाला १ कोटी बिट व त्याहून पुढे गेला.

कारकून अर्धा दप्तरखान्यात आला, असे म्हणता येईल. अडचण एवढीच, की केबल त्याच राहिल्या, ३४ आणि २० तारांच्या. नुसत्या केबलवरून ही डिस्क एमएफएमपेक्षा वेगळी ओळखता येत नाही. डिस्कवरील मॉडेल क्रमांक आणि कार्डावरील छपाई वाचावी लागते. एमएफएमचे कार्ड या डिस्कला चालत नाही. ईएसडीआय प्रामुख्याने महागड्या सर्व्हरमध्ये आणि आयबीएमच्या काही पीएस/२ यंत्रांत असे.

‘स्कझी’ कुठे वापरली जाई?

एससीएसआय, बोलीत ‘स्कझी’. शुगार्ट असोसिएट्सच्या ‘सासी’ या पद्धतीतून ती आली आणि १९८६ मध्ये अमेरिकेत तिचे अधिकृत मानक झाले. यात कंट्रोलर पूर्णपणे डिस्कवर आला. संगणकाने फक्त ‘अमुक क्रमांकाचा तुकडा दे’ असे म्हणायचे. एकाच ५० तारांच्या केबलवर, कार्ड धरून, आठ उपकरणे जोडता येत. डिस्कबरोबर टेप ड्राइव्ह, स्कॅनरसुद्धा. प्रत्येकाला ० ते ७ मधील वेगळा क्रमांक द्यावा लागे आणि केबलच्या दोन्ही टोकांना ‘टर्मिनेटर’ लावावा लागे. दोन उपकरणांना एकच क्रमांक दिला किंवा टर्मिनेटर विसरला, की उत्तम डिस्कही मेल्यासारखी वाटे.

१९८६ च्या मॅकिंटॉश प्लसमध्ये स्कझी होती. सर्व्हर आणि युनिक्सवर चालणारी यंत्रे यांतही ती असे. म्हणून स्कझी डिस्क वाचताना दुसरा अडथळा येऊ शकतो. केबल जुळली तरी आतली फाइल मांडण्याची पद्धत विंडोजला ओळखता येत नाही. त्यासाठी युनिक्स-लिनक्स जाणणारी व्यक्ती गाठावी लागते.

आयडीई जिंकले कसे?

वेस्टर्न डिजिटल, कॉम्पॅक आणि कंट्रोल डेटा यांच्या प्रयत्नांतून १९८६ च्या सुमारास आयडीई आले. विचार स्कझीसारखाच, पण स्वस्त. कंट्रोलर डिस्कच्या पाठीवरच बसवायचा आणि ४० तारांची एक केबल जवळजवळ थेट संगणकाच्या बसला जोडायची. महागडे कार्ड नको, टर्मिनेटर नको. एका केबलवर दोन डिस्क आणि त्यांतली पहिली-दुसरी ठरवण्यासाठी पिनांवर बसणारी चिमुकली टोपी, म्हणजे जंपर. १९९० च्या दशकात बहुतेक पीसी याच पद्धतीचे झाले. १९९४ मध्ये ‘एटीए’ नावाने तिचे मानक ठरले. २००३ मध्ये आलेल्या ‘सॅटा’ची बारीक ७ पिनांची केबल हीच या घराण्याची पुढची पिढी.

त्यामुळे १९९५ नंतरचे पगारपत्रक ज्या पीसीवर असेल, तो बहुधा आयडीईचा आणि म्हणून आशादायक. तरी एक मेख आहे. जुनी बायॉस डिस्कचा पत्ता ट्रॅकरांग, हेड आणि सेक्टर या तीन आकड्यांत मागे. त्यांची कमाल मर्यादा १०२४, १६ आणि ६३. यांना ५१२ ने गुणले की ५२ कोटी ८४ लाख ८२ हजार ३०४ बाइट होतात. हीच ती कुप्रसिद्ध ५०४ एमबीची भिंत. ती ओलांडण्यासाठी प्रत्येक सेक्टरला सरळ एकच अनुक्रमांक देणारी एलबीए पद्धत आली. आज बाजारात मिळणारी यूएसबी अडॅप्टर बहुधा एलबीए गृहीत धरतात. त्यामुळे एलबीए नसलेली जुनी लहान डिस्क धडधाकट असूनही यूएसबीवर दिसत नाही आणि ती ‘खराब’ ठरवली जाते.

कोणती डिस्क आहे, हे पटकन कसे ओळखायचे?

वीज पूर्ण बंद करून झाकण काढा आणि पट्टी केबलच्या तारा किंवा पिना मोजा.

- ३४ आणि २० तारांच्या दोन केबल : एमएफएम, आरएलएल किंवा ईएसडीआय. कार्ड डिस्कसोबतच ठेवा.
- ५० तारांची एकच केबल : स्कझी. क्रमांकाचे जंपर आणि टर्मिनेटर हलवू नका.
- ४० पिनांची एकच केबल : आयडीई. नंतरच्या काळातील केबलमध्ये तारा ८० असतात, पण पिना ४०च.
- ४४ बारीक पिना : लॅपटॉपमधील आयडीई. वीजही त्याच जोडातून जाते.
- ७ पिनांची बारीक केबल : सॅटा. ही आजच्या संगणकालाही चालते.

पट्टी केबलच्या एका कडेला रंगीत, बहुधा लाल, रेघ असते. ती पहिली पिन. काढण्यापूर्वी ती कोणत्या बाजूला आहे, त्याचा मोबाइलवर फोटो काढा. डिस्कवरील लेबल, जंपर, कार्डाची दोन्ही अंगे आणि कार्ड कोणत्या खाचेत होते, यांचेही फोटो घ्या. दुरुस्ती करणाऱ्याला या चार-पाच फोटोंवरूनच अर्धे काम कळते.

डिस्क दिसत नाही, म्हणजे ती गेलीच का?

नाही. १९८४ च्या पीसी-एटीपासून डिस्कची मापे संगणकाच्या एका बॅटरीवर चालणाऱ्या स्मृतीत ठेवली जात. बॅटरी संपली की संगणक मापे विसरतो आणि डिस्क नसल्याचे सांगतो. लेबलवरील किंवा मॉडेलच्या माहितीतील ट्रॅकरांगा, हेड व सेक्टर यांचे आकडे सेटअपमध्ये पुन्हा भरले की ती दिसू शकते. २८६-३८६ च्या काही मदरबोर्डवर डाग दिलेली बॅटरी असते. ती गळून आसपासच्या तांब्याच्या रेषा खाऊन टाकते. खारी हवा आणि रासायनिक कारखान्यांचा परिसर यांमुळे जोडांवर गंज चढण्याचा धोका आपल्याकडे अधिक. अशा वेळी दोष मदरबोर्डमध्ये किंवा जोडात असतो, चकतीवर नव्हे.

यांत्रिक दोषही असतात. वर्षानुवर्षे बंद राहिलेल्या डिस्कचे हेड चकतीला चिकटून बसते आणि मोटार फिरत नाही. स्टेपर मोटार असलेल्या जुन्या डिस्कमध्ये तापमानानुसार हेडची जागा किंचित सरकते. म्हणून थंड असताना न वाचली गेलेली डिस्क थोडा वेळ चालू राहिल्यावर वाचली जाऊ शकते. त्या काळी संगणक हलवण्यापूर्वी ‘पार्क’ नावाचा प्रोग्रॅम चालवून हेड सुरक्षित जागी नेले जाई. आज तो चालवता आला नाही, तर डिस्क निदान फोममध्ये गुंडाळून, हादरे न बसतील अशी न्यावी. खड्ड्यांच्या रस्त्यावर रिक्षाच्या मागच्या जागेत संपूर्ण सीपीयू आडवा टाकून नेणे टाळलेलेच बरे.

माहिती परत मिळवण्याचे मार्ग कोणते?

आयडीईसाठी पहिला मार्ग चांगल्या यूएसबी अडॅप्टरचा. तो चालला नाही तर आयडीईचा जोड मदरबोर्डवरच असलेला जुना पेंटियम संगणक शोधावा. असे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडवर विचारून पाहता येतात. बोईसर-पालघरहून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोडला उतरले की बाजार जवळच आहे. स्कझीसाठी स्कझी कार्ड, योग्य केबल व टर्मिनेटर लागतात.

एमएफएम-आरएलएलसाठी सर्वांत उत्तम म्हणजे मूळ कार्ड आणि मूळ संगणक. ते नसेल तरी दार पूर्ण बंद नाही. अमेरिकेतील डेव्हिड गेसवाइन यांनी ‘बीगलबोन’ या छोट्या संगणकावर चालणारे उपकरण तयार केले आहे. ते एमएफएम डिस्कवरचा कच्चा संकेत जसाच्या तसा उतरवून घेते आणि मग सॉफ्टवेअरने वेगवेगळ्या कार्डांच्या शिरस्त्यांनुसार तो उलगडते. बदली झालेल्या कारकुनाचे काम येथे प्रोग्रॅम करतो. हेच उपकरण बंद पडलेल्या डिस्कच्या जागी तिची नक्कल म्हणूनही बसवता येते.

मार्ग कोणताही असो, आधी संपूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत काढावी आणि पुढची शोधाशोध त्या प्रतीवर करावी. जुनी डिस्क दुसऱ्यांदा सुरू होईलच याची खात्री नसते. विंडोजने ‘फॉरमॅट करू का’ असे विचारले, तर नकारच द्यावा. बायॉसमधील ‘लो-लेव्हल फॉरमॅट’ला हात लावू नये. एमएफएम डिस्कवर तो सेक्टरच्या खुणांसकट सारे पुसून नव्याने लिहितो.

नको असलेली डिस्क कुठे द्यायची?

हा प्रश्न केवळ जागेचा नाही. पगारपत्रकाच्या डिस्कवर कामगारांची नावे, पत्ते, बँक खाती, पीएफ क्रमांक असू शकतात. दारावरच्या भंगारवाल्याला किलोच्या भावाने दिलेली डिस्क पुढे कुणाच्या हाती जाईल, ते सांगता येत नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार मोठ्या प्रमाणावर विद्युत उपकरणे वापरणाऱ्या आस्थापनांनी आपला ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारे किंवा पुनर्प्रक्रिया करणारे यांच्याकडेच द्यायचा आहे.

त्याआधीचा क्रम सोपा आहे. त्या संगणकावर काम केलेल्या जुन्या टाइम ऑफिस किंवा अकाउंट्सच्या माणसाला विचारा, की त्यात काय होते. केबलच्या तारा मोजा. कार्ड, केबल आणि डिस्क एकाच पिशवीत ठेवून वर वर्ष व विभाग लिहा. प्रत काढा, ती उघडते याची खात्री करा आणि मगच डिस्क नष्ट करा. ज्याची सेवा दहा वर्षांपेक्षा कमी भरते आहे, अशा एखाद्या कामगाराचे कमी पडणारे महिने त्या पिशवीत असू शकतात.